बिजासन घाट आणि अण्णांची गाडी

इंदूरच्या मराठी घरांतून 'देशी जाणे' हा शब्दप्रयोग अजून पुरता नाहीसा झालेला नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला देशी जायचे म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता धरायचा, एवढेच ठाऊक होते. माळव्याचे पठार मानपूरपाशी संपते. विंध्याचा उतार उतरून रस्ता निमाडात येतो, खलघाटाला नर्मदा ओलांडतो, सेंधव्याच्या किल्ल्यावरून पुढे सातपुड्यात शिरतो, आणि बिजासन घाट उतरला की पळासनेरपासून दुकानांवरच्या पाट्या मराठी होतात. खानदेशातली माणसे या घाटाला बिजासणी म्हणतात. सरकारदप्तरी या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ३ होता, आता ५२ आहे. पण आमच्या आत्याबाई अखेरपर्यंत त्याला 'आपला रस्ता' एवढेच म्हणत असत.

या रस्त्याने मी बसने कितीतरी वेळा गेलो आहे. मात्र मालट्रकच्या केबिनमध्ये बसून तो प्रथम पाहिला तो जानेवारी २०२४ मध्ये, आणि त्याला कारण अण्णांची गाडी. अण्णा माझे आतेभाऊ. त्यांची एकच ट्रक आहे, टाटांची सोळा-तेरा. ट्रकवाल्यांच्या बोलीतले हे आकडे मला फार दिवस गूढ वाटत. सोळा म्हणजे मालासकट गाडीचे एकूण वजन सोळा टन, आणि तेरा म्हणजे एकशेतीसच्या घरातली अश्वशक्ती, इतका सरळ त्यांचा अर्थ आहे. त्याआधीच्या बारा-दहाचा अर्थही तसाच लावायचा. टाटांचा जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीशी करार १९५४ साली झाला आणि १९६९ पर्यंत चालला. तेव्हाच्या गाड्यांना आमच्याकडचे वयस्क लोक अजूनही 'मर्सिडीज' म्हणतात आणि नव्या पिढीची मुले ते ऐकून गोंधळतात.

अण्णांनी ही गाडी २००३ साली घेतली तेव्हा वहिनींच्या पाटल्या बँकेत गहाण पडल्या होत्या. त्या २०११ मध्ये सुटून घरी आल्या. आता एकवीस वर्षांच्या या गाडीला दोन दुखणी जडली होती. पहाटे थंडीत ती सुरू होईना, झालीच तर दहा-दहा मिनिटे लंगडत, थरथरत, पांढरा धूर ओकत उभी राही. आणि दुपारी भार घेऊन घाट चढताना इतकी तापे, की चालकाला मध्येच थांबावे लागे. एका मोठ्या गॅरेजने दोन्ही दुखण्यांवर एकच उपाय सांगितला होता: इंजिन खोला, लायनर, पिस्टन, रिंगा सगळे नवे घाला. खर्चाचा आकडा लाखाच्या बराच वर जात होता. गाडी भंगारात द्यावी किंवा पाटल्या पुन्हा बँकेत न्याव्या, असे दोनच मार्ग अण्णांसमोर होते. त्यांनी तिसरा मार्ग काढला. एक भाडे करावे, स्वतः गाडीबरोबर जावे, ती काय म्हणते ते ऐकावे आणि मग ठरवावे. मी त्यांना म्हटले, "अण्णा, मीही येतो." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाले, "ये, पण दोन स्वेटर घाल."

पहाटे साडेपाचला आम्ही ट्रान्सपोर्ट नगरात पोहोचलो. माळव्याची थंडी दिसायला साधी असते, पण पठारावरचा वारा कानातून आत शिरतो. चालक निमाडातले, बडवानीकडचे. त्यांना सारे मामा म्हणतात, अगदी अण्णासुद्धा. मामांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा, दोनदा, चारदा जड श्वास टाकून फिरले आणि पेटले नाही. सायलेन्सरमधून मात्र पांढरट धुराचे लोट निघू लागले आणि डोळे चुरचुरू लागले. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल, हे मला मागाहून कळले. पाचव्या खेपेस मामांनी सीटखालून पेट्रोलचा एक बोळा काढला आणि तो हवा आत खेचणाऱ्या तोंडाशी धरायला पोऱ्याला सांगितले. खाडकन हातोडा बसावा तसा आवाज झाला आणि इंजिन पेटले. पण सहा सिलिंडरांपैकी दोन-तीनच काम करीत असावेत, अशी सारी केबिन हलत होती. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही.

वाचकांपैकी बहुतेकांचा डिझेल इंजिनाशी संबंध बसच्या आवाजापुरताच येत असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना आतली हवा सोळा-सतरा पटींनी दाबतो. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तशी ती हवा तापते, पण कितीतरी अधिक, पाचशे अंशांच्याही पुढे. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि आपोआप पेटतो. आता इंजिनाचे लोखंड रात्रभर थंडीत गारठलेले असेल तर दाबलेल्या हवेची बरीच उष्णता तेच शोषून घेते. अशा वेळी बॅटरी अशक्त असली, रिंगा झिजून हवा गळत असली, फवारा नीट फुटत नसला किंवा तो यायची वेळ चुकली, तर डिझेल पेटत नाही आणि धूर होऊन बाहेर पडते. म्हणजे दुखण्याचे लक्षण एक आणि कारणे चार-पाच. इथेच वैद्याची परीक्षा असते. काही इंजिनांत हवा आधी तापवायला विजेचे प्लग असतात. अण्णांच्या गाडीत तसले काही नाही. तिला सारी ऊब स्वतःच निर्माण करावी लागते.

राऊ मागे पडले, महूचा फाटा गेला, आणि मानपूरच्या पुढे सूर्य वर आला तेव्हा इंजिन पूर्ण गरम होऊन सहाही सिलिंडरांवर शांत चालू लागले होते. भेरूघाटाचा उतार हा या रस्त्यावरचा माझा सर्वांत आवडता भाग. समोर निमाडचे खोरे उघडते, धुक्यात नर्मदेची रेषा असावी असा भास होतो, आणि वळणागणिक हवा उबदार होत जाते. पुढे गणेशघाट लागतो. भरलेल्या गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन तिथे इतके अपघात झाले, की त्या टप्प्याला पर्यायी मार्ग काढावा लागला. मामांनी तिथे बोलणे बंद केले आणि गिअर खाली टाकला. तेव्हा मीही गप्प बसलो.

धामनोदला चहा, खलघाटाच्या पुलावर मामांनी नर्मदेला टाकलेला रुपया, जुलवानियाला जेवण, आणि दुपारी सेंधवा. सेंधव्याला कापूस पिंजणाऱ्या कारखान्यांचे गाव म्हणतात ते उगीच नव्हे. हंगामात रस्त्याकडेच्या बाभळींवरसुद्धा कापसाची पिंजर लटकलेली दिसते. ती आणि धूळ गाडीच्या हवेच्या गाळणीत जाऊन बसते. मामा म्हणाले, दर खेपेस ते गाळणी झटकतात. अण्णांनी खाली उतरून ती काढून पाहिली. कागदाच्या घड्या काळ्याठिक्कर होत्या. "झटकल्याने वरची धूळ जाते, आतली राहते," एवढे म्हणून त्यांनी तिथल्याच दुकानातून नवी गाळणी घेतली. दुखणे तेवढ्याने जाणार नाही हे त्यांनाही कळत होते, पण मनाला बरे वाटले.

त्या रात्री शिरपूरला मुक्काम केला, आणि सकाळी एक गोष्ट घडली ती नमूद करायला हवी. तापीच्या खोऱ्यात माळव्याइतकी थंडी नव्हती, आणि गाडी दुसऱ्याच खेपेस, पेट्रोलच्या बोळ्याशिवाय, सुरू झाली. थोडी लंगडली, थोडा पांढरा धूर निघाला, आणि दोन मिनिटांत सावरली. अण्णांनी ही गोष्ट वहीत लिहून ठेवली. मला ती क्षुल्लक वाटली होती.

दिवसभर गाठी भरण्यात गेला. पीथमपूरच्या एका गिरणीचा माल होता. अंधार पडता पडता आम्ही पळासनेर सोडले आणि बिजासन घाट चढू लागलो. अण्णांच्या पुतण्याने, तो आमच्या इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया महाविद्यालयात शिकला आहे, निघण्यापूर्वी गाडीत एक उपकरण बसवून दिले होते. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा एका टोकाशी जोडल्या आणि ते टोक तापवले, की दुसऱ्या टोकांशी अत्यल्प विद्युत्दाब उत्पन्न होतो. सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली पाहिलेल्या या गुणावरच ते उपकरण चालते. ते जोडटोक इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे, घातलेले होते आणि आकडा केबिनमध्ये दिसत होता. पुतण्याने बजावले होते की आकडा सातशे अंशांच्या आत राहिला पाहिजे; त्यावर फार वेळ राहिला तर झडपा, टर्बोची पाती आणि पिस्टन यांचे काही खरे नाही. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तेल आणि पाणी त्याची उष्णता सतत वाहून नेतात म्हणून तो टिकतो.

सपाटीवर आकडा चारशेच्या आसपास होता. पहिल्या वळणावर पाचशे ऐंशी झाला. मामांनी पाय दाबला. गाडी ओढीना, धूर काळा झाला, आणि आकडा सहाशे पन्नास, सातशे, सातशे तीस असा चढत गेला. सातशे साठला अण्णा म्हणाले, "मामा, थांबवा." रस्त्याच्या कडेला दगड लावून गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवले. अण्णांनी बॉनेट उघडले. आत काळोखात मॅनिफोल्डची वाकलेली नळी मंद लाल दिसत होती, चुलीत विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. सव्वापाचशे अंशांच्या पुढे लोखंड अंधारात असे दिसू लागते. दिवसा ते कुणाला दिसले नसते. वरच्या बाजूला बिजासनी मातेच्या देवळातला दिवा होता, खाली खानदेशातल्या गावांचे दिवे होते, आणि आम्ही तिघे त्या लाल नळीकडे पाहत होतो. पाच मिनिटांनी तिचा रंग गेला. मग उरलेला घाट आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने चढलो. पहाटे भेरूघाटही तसाच.

परतल्यावर अण्णा त्या मोठ्या गॅरेजकडे गेले नाहीत. ट्रान्सपोर्ट नगरच्या मागच्या एका गल्लीत पत्र्याच्या छपराखाली एक सत्तरी ओलांडलेले मिस्त्री बसतात. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांची बोली माळवी वळणाची हिंदी. ती माझ्या मराठीत सांगतो. अण्णांनी वही काढून सारे वाचून दाखवले. शिरपूरच्या सकाळीपाशी उस्तादांनी हात वर केला.

"खाली ऊन प्रदेशात लवकर लागली, वर थंडीत लागली नाही. गरम झाल्यावर सहाही सिलिंडर बरोबर चालले?"

"हो, उस्ताद."

"तेलाचे झाकण काढून पाहिले का कुणी?"

कुणीच पाहिले नव्हते. उस्तादांनी गाडी सुरू करवली आणि इंजिनात तेल ओतायच्या तोंडाचे झाकण काढून त्यावर तळहात धरला. रिंगा झिजल्या असत्या तर पिस्टनच्या बाजूने निसटलेला वायू तिथून भकाभका बाहेर आला असता. हातावर जेमतेम वाफ लागली. "रिंगा अजून जिवंत आहेत," ते म्हणाले, "धूरही निळा नाही, म्हणजे तेल जळत नाही. शेठ, इंजिन खोलू नका." अण्णा तिथल्या लाकडी पेटीवर बसले. एवढा वेळ ते उभेच होते.

यानंतर जे झाले ते मी पूर्ण दिवसभर पाहिले, आणि त्यातला क्रम मला फार आवडला. उस्तादांनी आधी स्वस्त गोष्टी पाहिल्या. बॅटरीची जाड वायर चासीला जिथे जोडलेली असते तिथला गंज खरवडून काढला. इंजिन लगेच थोडे चपळ फिरू लागले. मग डिझेलच्या नळीत पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा जोडून त्यात बुडबुडे दिसतात का ते पाहिले. रात्री नळीत हवा शिरली तर सकाळी पंपाला डिझेलच मिळत नाही. बुडबुडे नव्हते. मग टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी त्यांनी बोटांनी चाचपली आणि पट्ट्याखाली दडलेली एक चीर काढून दाखवली. इंजिन रिकामे फिरताना ती मिटलेली राही. भाराखाली दाब वाढला की उघडे आणि दाबलेली हवा बाहेर निसटे. डिझेल तितकेच आणि हवा कमी, म्हणून धूर काळा आणि आग जास्त. नळी काही शेकड्यांत बदलली गेली.

माझी समजूत झाली की रोग सापडला. उस्ताद हसले. "ही अर्ध्या तापाची दवा झाली. सकाळच्या खोकल्याचे काय?"

दुसऱ्या पहाटे त्यांनी गारठलेली गाडी सुरू करवली आणि मॅनिफोल्डच्या सहाही फाट्यांवर बोटाने पाण्याचे थेंब शिंपडले. ज्या सिलिंडरात आग पेटली आहे त्यावर थेंब लवकर आटतो, न पेटलेल्यावर तसाच ओघळतो. गंमत अशी की कोणताही एक सिलिंडर दोषी ठरेना; आळीपाळीने सारेच चुकत होते. एखादा नोझल खराब असता तर तोच सिलिंडर रोज मागे राहिला असता. सारे सारखेच रेंगाळतात, तर खोड सर्वांना मिळून असलेल्या वस्तूत, असे उस्ताद म्हणाले. तरी नोझल काढून हातपंपाच्या काट्यावर त्यांनी तपासलेच. दोन ठिबकत होते, ते बदलले. मग त्यांनी अण्णांना विचारले, "डिझेलचा पंप कधी काढला होता?"

अण्णा आठवू लागले. गेल्या दिवाळीनंतर. त्याच मोठ्या गॅरेजात. गाडी सुरू व्हायला त्रास तेव्हापासूनच.

डिझेलचा फवारा पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडा आधी सुरू व्हावा लागतो. किती आधी, ते कारखान्याने अंशांत ठरवून दिलेले असते आणि तशा खुणा इंजिनावर असतात. ही वेळ पाहण्याची उस्तादांची रीत जुनी. पहिल्या सिलिंडरच्या नळीच्या जागी पंपावर त्यांनी हंसाच्या मानेसारखी वाकलेली एक छोटी नळी बसवली, आतली एक स्प्रिंग काढून ठेवली, आणि हातपंपाने डिझेलची धार सुरू केली. पोऱ्या इंजिन हाताने तिळातिळाने फिरवीत होता. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, आणि थांबली. ती थांबते तोच क्षण फवारा सुरू होण्याचा. "बस!" उस्ताद ओरडले, आणि बॅटरी घेऊन खुणेकडे वाकले. खूण पुढे निघून गेली होती. पंप परत बसवताना कुणीतरी घाई केली होती आणि फवारा काही अंश उशिरा येत होता.

दोन दुखण्यांची एक मुळी तिथे होती. उशिरा आलेले डिझेल थंडीत पेटेपर्यंत पिस्टन खाली निघून जाई, हवा निवू लागे, आणि पांढरा धूर होई. इंजिन तापल्यावर तेच डिझेल पेटे खरे, पण उशिरा. त्याची आग पिस्टनला ढकलण्यापेक्षा मॅनिफोल्डमध्ये जास्त जाई. गाडी ओढत नाही म्हणून मामा पाय अधिक दाबीत, म्हणजे डिझेल अधिक, म्हणजे आग अधिक. उस्तादांनी पंपाचे बोल्ट ढिले करून तो केसभर फिरवला, पुन्हा धार पाहिली, पुन्हा फिरवला. या केसभरासाठी दुपार गेली. मामांना मात्र त्यांनी पेट्रोलच्या बोळ्यावरून पोरासारखे झापले. त्या अवेळी भडक्याने रिंगा बसतात त्या पिस्टनच्या कडा तुटतात, आणि मग गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे ठरते. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटे चालू ठेवून टर्बोला निवू द्यावे, हेही त्यांनी दोनदा सांगितले. सगळा मिळून खर्च, नोझल धरून, गॅरेजच्या आकड्याच्या दहाव्या भागाहूनही कमी झाला. अण्णांनी वर काही रक्कम पुढे केली तेव्हा उस्तादांनी त्यातली एक नोट पोऱ्याला दिली आणि बाकी परत केली.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. तेव्हाही शिरपूरहून गाठीच होत्या. बिजासन घाटात आकडा सहाशे वीसच्या वर गेला नाही, धूर फिकट, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती. मागच्या खेपेस जिथे थांबलो होतो ती जागा मामांनी बोटाने दाखवली आणि तिथे न थांबता पुढे गेले. वर देवळापाशी मात्र अण्णांनी गाडी थांबवायला लावली. दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवून मग बंद केले. मी बॉनेट उघडून पाहिले. आत नुसता काळोख होता आणि तापलेल्या लोखंडाचा टक् टक् असा आवाज येत होता. अण्णा देवळाच्या पायऱ्या चढून गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्रसादाच्या तीन पुड्या होत्या. एक मामांना दिली, एक मला, आणि तिसरी उस्तादांसाठी म्हणून वहीत घालून ठेवली.